पाहण्याचे दीडशे

बोरसे बाईंची गाडी आली तेव्हा धुळ्यात दुपारचे अडीच,
बॉनेटवर हात ठेववत नव्हता.
पुढून आवाज येतो म्हणाल्या, डावीकडून,
खड्ड्यात टक्, वळणावर टक् टक्.
हायवेवरच्या काचेच्या गॅरेजनं त्यांना कागद दिला होता:
लोअर आर्म, लिंक रॉड, दोन्ही शॉकॲब्सॉर्बर,
चौदा हजार सहाशे, कर वेगळा.
गाडी वर उचललीच नव्हती.
पोरानं भोवती एक चक्कर मारली,
टॅबवर बोट फिरवलं
आणि एसीत जाऊन बसला.

मी हसलो नाही.
मीही तिथे तीन वर्षं होतो,
निळा शर्ट, खिशावर नाव शिवलेलं: योगराज.
पाहायला वेळ जातो, बदलायला पैसे येतात,
एवढंच तिथलं गणित.
मागच्या शेडात काढलेल्या पार्टांचा ढीग,
भंगारवाला किलोवर न्यायचा.
त्यातले निम्मे अजून धावले असते
नंदुरबारपर्यंत, आणि परत.

त्याआधी हिलाल मिस्त्री.
लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनला, मूठ कानाला,
विहिरीत पाणी किती उरलं
ते वाकून बघणाऱ्या माणसासारखा.
"आगोदर आयक," म्हणायचा, "पाना मंग उचल."
एकदा रावेरच्या केळीवाल्याचा गिअरबॉक्स
मी खोलायला घेतला होता.
त्यानं सीटखाली हात घातला
आणि तराजूचं पाव किलोचं माप
माझ्या तळहातावर ठेवलं.

पण सांगायचं तर सगळंच सांगावं लागेल.
लळिंग घाट. भाईदासचा टेम्पो, मिरच्यांनी गच्च.
आदल्या दिवशी ब्रेकपॅड मिस्त्रीनंच पाहिले होते.
नखानं जाडी मोजली, पॉलिशपेपर मारला,
अजून हजार किलोमीटर म्हणाला.
माणूस वाचला. उजवा पाय गुडघ्यापासून नाही.
रस्ता दोन दिवस लाल होता,
येणारे-जाणारे हात जोडायचे
आणि पुढच्याच क्षणी शिंकायचे.
त्यानंतर मिस्त्रीचं एकच:
"ब्रेकनं काम व्हई ते इचारू नको. बदली टाक."
बाकी ठिकाणी तो कान लावत राहिला,
पण दोनदा लावायचा,
आणि दुसऱ्यांदा डोळे मिटून.

म्हणून कोणी विचारलं, आधी बघावं की सरळ बदलावं,
तर मी पटकन बोलत नाही.

गाडी जॅकवर घेतली.
चाक हलवून पाहिलं, उभं, आडवं.
बुश दाबले, रबर जिवंत.
पहारीनं आर्म उचकटला, जागचा हलेना.
बाई स्टुलावर, वहीनं वारा घेत.
पाऊण तास.
आणि मग सापडला:
आडव्या दांड्याच्या क्लॅम्पचा एक बोल्ट,
दिसायला घट्ट, बोटानं फिरेल इतका सैल.
सतराचा पाना. दीड आटा.
चौफुलीपर्यंत जाऊन आलो, मुद्दाम खड्ड्यांतून.
टक् नाही.

आता बिल.
बिलबुकात रकाने दोन, पार्ट आणि मजुरी.
पार्ट काही नाही.
दीड आट्याची मजुरी काय लावू?
भाईदासचा पाय आठवून दोनदा पाहिलं
त्याला कुठला रकाना?
शेवटी पेनानं मीच एक ओळ आखली:
पाहण्याचे, दीडशे.

बाई अमळनेरला गणित शिकवतात.
कागद चष्म्याजवळ नेला.
"पाहण्याचे?"
मी पाना पुसत राहिलो, पुसलेलाच.
"उत्तर एका ओळीचं," त्या म्हणाल्या, "बाकी सगळ्या पायऱ्या.
पायऱ्यांना आम्हीही गुण देतो."
शंभराची नोट ठेवली, पर्स बंद केली.
"पन्नास कापले.
डावीकडून, हे मी आधीच सांगितलं होतं."